तीन हजार दिरहम

आमच्या घराण्यात आजवर परदेशी कोणी गेले नव्हते. सौंसरच्या मातीत संत्र्याची झाडे जोपासावी, आंबिया बहार धरावा आणि फळ विकून आलेल्या पैशांत वर्ष काढावे, एवढाच आमचा व्यवहार. पण थोरली मुलगी परिचारिका होऊन दुबईस गेली, तेथेच तिचा संसार झाला आणि २०२५ च्या पावसाळ्यात तिला पहिला मुलगा झाला. नाताळात बाळाचा बाप्तिस्मा ठरला. आमची तिकिटे जावयांनी पाठविली. ती पाहून माझ्या पत्नीला आनंद झाला, तसा संकोचही वाटला.

"अहो, तिकिटे त्यांची, मुक्काम त्यांच्या घरी," ती म्हणाली. "निदान वरखर्च आणि नातवाची भेट तरी आपल्या पैशांची असू द्या. जावयापुढे हात पसरायची पाळी माझ्यावर आणू नका."

तेव्हा तीन हजार दिरहम न्यायचे ठरले. बगीच्याचा इसार हाती आला होताच. प्रश्न एवढाच उरला, की ते घ्यावे केव्हा आणि कोठे?

रविवारी मिस्सा आटोपल्यावर मी हा विषय काढला, तर जितकी माणसे तितकी मते. कोणी म्हणाले, "आजच घ्या, रुपया घसरतो आहे." कोणी म्हणाले, "थांबा, सावरेल." मग मला कळले, की दिरहमाचा वेगळा अंदाज बांधण्याचे कारणच नाही. १९९७ पासून तो डॉलरशी जखडलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, हे प्रमाण ठरलेले. म्हणजे डॉलर महागला की आपल्याला दिरहमही तेवढाच महाग. आणि डॉलरचे उद्या काय होईल, हे कोणाला ठाऊक? ६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला होता.

भावाची वाट पाहण्याचे फळ मी एकदा चाखलेले आहे. एके वर्षी व्यापारी बगीच्याला बरा भाव देत होता. शेजारच्या पांढुर्ण्याकडे चढा भाव निघाल्याचे ऐकून मी थांबलो. पंधरवड्यात फळगळ सुरू झाली, आणि शेवटी पहिल्या भावाहूनही कमी पैशांत माल द्यावा लागला. त्या वर्षी पत्नी मला एका शब्दाने बोलली नाही; तेच अधिक लागले.

म्हणून या वेळी आम्ही निम्मे आधी आणि निम्मे मागाहून घ्यायचे ठरविले. फार आधी घेता येतही नाही. परकीय चलन प्रवासाच्या साठ दिवसांच्या आत घ्यावे, असा नियम आहे. त्यामुळे मे महिन्यात डॉलर चौऱ्याऐंशी रुपयांच्या आसपास होता, तेव्हा का घेतला नाही, ही हळहळ व्यर्थच होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही बसने नागपूरला गेलो. पारपत्र, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड बरोबर होते. एका प्रवासासाठीचे सगळे चलन मिळून पन्नास हजारांच्या वर गेले, तर रोख रुपये चालत नाहीत. म्हणून इसाराची रक्कम अगोदरच खात्यात भरली होती. बातम्यांत डॉलर अठ्ठ्याऐंशीच्या आसपास होता, म्हणजे दिरहम चोवीस रुपयांचा. पण तो भाव बँकांच्या आपसांतील मोठ्या व्यवहारांचा. आपल्याला त्यावर विक्रेत्याचा नफा द्यावा लागतो.

पहिल्या दुकानी पाटी होती, 'कमिशन नाही.' मी भाव विचारला, तर २५ रुपये १० पैसे. दुसऱ्या परवानाधारक दुकानी भाव २४ रुपये ४० पैसे, वर दीडशे रुपये आकार. पत्नीने दोघांनाही एकच प्रश्न केला होता: "तीन हजार दिरहमांना सगळे मिळून आम्ही किती द्यायचे?" कर दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. तो सोडून पहिल्याकडे ७५,३०० रुपये होत होते, दुसऱ्याकडे ७३,३५०. 'कमिशन नाही' या पाटीची किंमत १,९५० रुपये होती!

दुसऱ्याकडून आम्ही पंधराशे दिरहम कार्डावर भरून घेतले. उरलेले पंधराशे डिसेंबरात, लहान नोटांत घेतले. तोवर डॉलरने नव्वदी ओलांडली होती, आणि या निम्म्या रकमेला आठशे रुपयांच्या आसपास अधिक पडले. महिनाभर ज्या चढउताराने माझी झोप उडविली, त्याचा हिशेब आठशे रुपयांचा. आणि पत्नीच्या एका प्रश्नाने वाचले त्याच्या दुपटीहून अधिक. भाव आपल्या हाती नाही. चौकशी मात्र आपल्या हाती आहे.

मुलीने तिकडून एक गोष्ट बजावली होती: "बाबा, दुकानातल्या यंत्राने रुपयांत घेऊ की दिरहमांत, असे विचारले तर दिरहम म्हणा. रुपये म्हटले, तर भाव ते लोक ठरवतात." तेही आम्ही पाळले.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी आम्ही सोनाराकडे गेलो. पत्नीने बाळासाठी एक बारीकसा सोन्याचा क्रूस निवडला. जावयांचा हात खिशाकडे गेला. तिने तो हलकेच अडविला आणि पदराआडच्या बटव्यातून मोजून नोटा काढल्या.

"राहू द्या," ती म्हणाली, "ही आमची संत्री आहेत."