रॉकेलच्या डब्यातला आवाज

माझे वडील तार ऑफिसात होते. जेवताना त्यांच्या डाव्या हाताचं बोट पाटाच्या कडेवर चालू असायचं, कट्ट कडकट्ट. मशीन बोलत नाही, पलीकडचा माणूस बोलतो, असं ते म्हणत. खटका दाबण्याच्या लयीवरून पलीकडे कोण बसलंय, हे ते न बघता सांगत. आणि एक नियम त्यांनी कधी मोडला नाही : पोच आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पाठवलेला मजकूर पलीकडे पोचला असं कुणी सांगत नाही, तोवर तो पाठवलाच नाही असं समजायचं.

त्यांच्यामुळेच असेल, युद्धाच्या हकिगती वाचताना माझं लक्ष बंदूकवाल्याच्या आधी कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाकडे जातं. मॅक्स लव्हलेसकडे ते असंच गेलं आणि तिथंच राहिलं.

लव्हलेस टास्मानियातल्या होबार्टचा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो रेडिओ तंत्रज्ञ होता. तिमोर बेटावरच्या ऑस्ट्रेलियन 'स्पॅरो फोर्स'मध्ये तो सिग्नलर म्हणून गेला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर बॉम्ब टाकले आणि त्याच रात्री जपानी फौजा तिमोरवर उतरू लागल्या. चार दिवसांत पश्चिमेकडच्या मुख्य बटालियनला शरण जावं लागलं. जे निसटले, ते पूर्वेला पोर्तुगीज तिमोरच्या डोंगरांत पोचले. तिथं ऑस्ट्रेलियाचीच '२/२ इंडिपेंडंट कंपनी' अजून गनिमी काव्यानं लढत होती. (हे पूर्व तिमोर एकेकाळी गोव्याच्या गव्हर्नरांच्या अखत्यारीत होतं. नकाशावर दिसतं तितकं ते आपल्याला परकं नाही.) पण त्यांच्याकडे समुद्रापलीकडे पोचेल असा ट्रान्समीटर नव्हता. दोन महिने मायदेशी सगळे हेच धरून चालले होते की ही माणसं मेली किंवा कैद झाली.

जिवंत असून जिवंत आहोत हे सांगता येत नाही, यापेक्षा वाईट अवस्था मला सुचत नाही.

लव्हलेसनं आणि त्याच्या तीन-चार सोबत्यांनी सेट बांधायला घेतला. सामान म्हणजे टाकून दिलेल्या मोडक्या रेडिओंचे भाग. कॉइल गुंडाळायला बांबूचे तुकडे, डाख द्यायचं कथील जुन्या सांध्यांवरून वितळवून काढलेलं, आणि सगळं बसवायला रॉकेलचा चौकोनी डबा. सर्किटचा नकाशा समोर नव्हता, तो लव्हलेसच्या डोक्यात होता. पहिला प्रयत्न फसला. बॅटऱ्या भरायला एका जुन्या मोटारीचा जनरेटर लाकडी चाकांना जोडला आणि तिथल्या तिमोरी माणसांनी ती चाकं हातांनी फिरवली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात डार्विनला हाक ऐकू गेली. पण डार्विनला वाटलं, हा जपान्यांचा डाव असेल. उत्तर म्हणून प्रश्नच आले. तुमच्यात अमुक अधिकारी आहे का? त्याचा हुद्दा काय? मग त्यांच्यातल्या एकाला विचारलं : तुझ्या बायकोचं नाव काय? घराचा नंबर काय? सैन्याच्या कोणत्याही गुप्त खुणेपेक्षा बायकोचं नाव जास्त खात्रीचं ठरलं! मला या प्रसंगापाशी दर वेळी थांबावं लागतं. भोवती शत्रू, बॅटऱ्या दम तोडताहेत, आणि डोंगरात बसलेला माणूस बिंदू-रेषांत बायकोचं नाव पाठवतो आहे. डार्विनला पटलं. डोंगरातून मागणी गेली ती बूट, क्विनीन, पैसे आणि काडतुसांची.

त्या डब्याचं नाव पडलं 'विनी द वॉर विनर', विन्स्टन चर्चिलवरून. आज तो कॅनबेराच्या युद्ध स्मारकात आहे.

पण माझं मन त्या लाकडी चाकांपाशी अडकतं. तिमोरी लोकांनी या परक्या सैनिकांना खाऊ घातलं, लपवलं, त्यांची ओझी वाहिली. एकेका सैनिकाबरोबर एकेक पोरगा असे, क्रियादो म्हणत त्याला. ऑस्ट्रेलियनांना आवाज मिळाला म्हणून त्यांच्यापर्यंत मदत पोचली, आणि पुढं डिसेंबर १९४२ ते जानेवारी १९४३ मध्ये जहाजं येऊन त्यांना घेऊनही गेली. चाकं फिरवणारे तिथंच राहिले. जपानी ताब्याच्या काळात तिमोरमध्ये किमान ४०,००० माणसं उपासमारीनं, रोगराईनं आणि जपान्यांच्या सुडाला बळी पडून मेली. त्यांची हाक ऐकायला कुठलंही डार्विन नव्हतं.

लव्हलेसबद्दलचा माझा आदर यानं कमी होत नाही. त्यानं सिग्नलरचं काम केलं, आणि तेही अजोड. हिशेब त्याच्या देशाकडे लागतो. हे २/२ कंपनीतल्या सैनिकांनीही मानलं. १९६९ साली त्यांनी दिली शहराच्या वरच्या डोंगरात, दारे या गावी, तिमोरी लोकांच्या स्मरणार्थ एक विश्रांतिस्थान बांधलं. वडिलांच्या भाषेत ही पोच. ती सत्तावीस वर्षांनी आली, सरकारनं नव्हे तर सैनिकांनी दिली, आणि चाळीस हजार माणसांपुढे ती अपुरी आहे.