धामणीचं धनुष्य

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या जुन्या गोष्टींवर इथे बरंच लिहून झालं. बंडी झाली, मोट झाली, छिंदवाडा-नागपूरची छोटी गाडीही झाली. आज एका झाडाबद्दल लिहितो. धामण.

नाव ऐकून नव्या पिढीला सापच आठवेल. पण हे आपल्या सातपुड्याच्या रानातलं झाड. करडी साल, बारीक पिवळी फुलं आणि वाटाण्याएवढी काळी, आंबटगोड फळं. पूर्वी प्रत्येक लाकडाचं काम ठरलेलं असायचं. बंडीचा आख धावड्याचा, चाकं बाभळीची, दारं सागाची. आणि जिथे लाकूड वाकलं पाहिजे पण मोडता कामा नये, तिथे धामण. कावडीची काठी, कुऱ्हाडीचा दांडा आणि धनुष्य. संस्कृतात हिला धनुर्वृक्ष असंच नाव आहे.

साठच्या दशकात आमच्या वावरावर एक गोंड रखवालदार होते. आम्ही पोरं त्यांना बाबा म्हणायचो. आमची धनुष्यं बांबूच्या कामटीची आणि बाण तुराटीचे. दसऱ्यापर्यंत टिकली तरी खूप. बाबांचं धनुष्य धामणीचं होतं, त्यांच्या खांद्याएवढं उंच. दोरीसुद्धा सुताची नव्हे, बांबूची तासलेली पट्टी.

एकदा त्यांनी मला झाड निवडायला सोबत नेलं. मी दिसेल त्या सरळ फांदीला हात लावायचो आणि ते मान हलवायचे.

"बापू, आधी साल पाय. साल पिळलेली असन तं आतलं लाकूडबी पिळलेलंच राह्यते."

सालीच्या रेघा सरळ वर गेलेल्या हव्या. मधे गाठ नको, फांदी फुटलेली नको. एका अंगाला झुकलेलं झाड नको. तासाभराने नाल्याच्या धुऱ्यावर एका जुन्या खुंटाला फुटलेले चार-पाच सोट सापडले. त्यातला एकच त्यांनी घेतला. खुंट जिवंत ठेवला की धामण पुन्हा फुटते, म्हणून बाकीच्यांना हात नाही.

तोड थंडीतच. उन्हाळ्यात तोडलं तर लाकूड झपाट्याने वाळतं आणि तडकतं. तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना शेणमाती लिंपली, कारण ओल टोकांतून आधी निघून जाते आणि चीर तिथूनच सुरू होते. मग पाचर मारून सोट उभा फाडला. करवत लावली नाही. करवत रेषा कापत जाते, पाचर रेषेच्या मागून जाते. ते फाटं चुलीवरच्या आढ्याला धुरात ठेवलं, किडे लागू नयेत म्हणून. दोन पावसाळे ते तिथेच होतं. मी दर सुट्टीत विचारायचो, झालं का? ते म्हणायचे, "अजून पानी बोलते त्याच्यात."

तासायला घेतलं तेव्हा सालीकडची बाजू बाहेर, बाणाच्या दिशेला ठेवली. तिची फक्त साल काढली, हत्यार लावलं नाही. वाकवल्यावर सगळा ताण त्या बाजूवर येतो. तिथला एक पदर कापला गेला की धनुष्य तिथेच मोडणार. तासकाम सगळं आतल्या बाजूने. थोडं तासायचं, थोडं वाकवायचं, दोन्ही हात सारखे वाकतात का बघायचं.

पुढे बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मला ते पुष्कळदा आठवायचं. पारख आधी करायची. नंतर उरते ती वसुली.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. बंड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. त्यातल्या कित्येकांच्या कर्जाच्या फायलींवर माझीच सही असेल. धामणीला गिऱ्हाईक उरलं नाही. 2023 मध्ये आपल्या नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला तिरंदाजीचा जगज्जेता झाला, अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण. घरी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. त्याचं कंपाऊंड धनुष्य कप्प्या लावलेलं. त्यात झाडाचं काही काम नाही.

नाल्याकाठचा तो धुरा मात्र अजून आहे, आणि त्यावर तो खुंटही. यंदा पुतण्यांना धुरा सपाट करून संत्र्याची चार झाडं वाढवायची आहेत. त्यांचं म्हणणं खोटं नाही, शेत तेच करतात. मी एवढंच म्हटलं, जेसीबी बोलावण्याआधी एकदा माझ्याबरोबर चला, झाड कसं बघायचं ते दाखवतो. बाबांचा नातू नागपूरला कंपनीत आहे, त्यालाही फोन केला. तो म्हणाला, "काका, मले तं धामण ओळखूच येत नाही." पण दिवाळीत येतो म्हणाला.

तुमच्यापैकी कुणाच्या वावरात धामण उभी असेल तर कळवा. जून-जुलैत पिकलेली फळं मिळाली तर रोपं करून बघायची आहेत.