टायटल गाडीचं की डायनाचं?

पुण्याच्या डायना पुंडोलेने ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर नॅशनल कार रेसिंग चॅम्पियनशिपचं सलून गटातलं टायटल जिंकलं. पुरुषांबरोबर एकाच ग्रिडवरून सुटून राष्ट्रीय कार रेसिंगचं टायटल घेणारी ती पहिली भारतीय स्त्री. दोन मुलांची आई, आधी शिक्षिका. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तिला ते खरंच मिळायला हवं होतं का, यावर आमच्या कॅंटीनमध्ये जो वाद पेटलाय तो काही विझायला तयार नाही!

पहिला आक्षेप, "अगं, गाडी कोणती? इटिऑस! टॅक्सी ती." बरोबर, टोयोटा इटिऑसच. विरारहून पहाटे एअरपोर्टला जायला आपण बुक करायचो तीच. पण मित्रांनो, मुद्दा तर इथेच आहे. या गटात सगळ्यांकडे तीच गाडी. २०२५ मध्ये लॅंडो नॉरिस फॉर्म्युला वनचा चॅम्पियन झाला, ४२३ पॉइंट, आणि मागे व्हर्स्टॅपेन ४२१. दोन पॉइंट! त्यातले किती नॉरिसचे आणि किती मॅक्लारेनच्या इंजिनिअर्सचे, हे कोण सांगणार? इटिऑसच्या ग्रिडवर ही पळवाट नाही. (दोन इंजिनं शंभर टक्के सारखी नसतात हे मेकॅनिकलवाले सांगतीलच. सांगू देत.) फरक उरतो तो ब्रेक कुठे दाबला आणि रेसिंग लाइन किती नेमकी धरली याचा. रेसिंग लाइनला मराठी शब्द कॉन्व्हेंटमध्ये कोणी शिकवला नाही, तेव्हा तसंच लिहिते.

दुसरा आक्षेप मला जास्त झोंबतो. "बायकांचं वजन कमी, म्हणून फायदा." हजारेक किलोच्या गाडीत पंधरा किलो म्हणजे दीड टक्का. अगदीच शून्य नाही, मान्य. पण त्या दीड टक्क्याने कॉर्नरला उशिरा ब्रेक मारायची हिंमत येत नाही. बंद केबिन, फायरप्रूफ सूट आणि चेन्नईचा उकाडाही त्याने कमी होत नाही.

झोंबण्याचं कारण घरचंच आहे. आमच्या बाहाच्या टीममध्ये मी सस्पेंशनवर काम करते. गाडी मी पप्पांच्या भाजीच्या टेम्पोवर शिकले, वसईच्या गावातल्या गल्ल्यांत, जिथे समोरून बस आली की रिव्हर्सशिवाय इलाज नाही. टेस्टिंगला "तू हलकी आहेस, तू चालव" म्हणून मलाच बसवतात. लॅप टाइम चांगला आला की तेच म्हणतात, "हलकी आहे ना, म्हणून!" आणि लॅप खराब गेला की मात्र वजनाचं नाव कोणी काढत नाही. असो.

तिसरा आक्षेप मला पटतो. सलून हा काही देशातला सर्वांत वेगवान गट नव्हे. त्यामुळे डायना भारताची सर्वोत्तम ड्रायव्हर, असं कोणी लिहिलं तर ते जास्त होईल. तिच्या गटात ती पहिली, आणि ते टायटल पूर्णपणे तिचं.

आता पुढे काय? फॉर्म्युला वन विसरा. सुपर लायसन्ससाठी ४० पॉइंट लागतात, तेही मुख्यतः ज्युनिअर सिरीजमधून. मुंबईचा जेहान दारुवाला २०११ च्या फोर्स इंडियाच्या टॅलेंट हंटमधून लहानपणीच वर आला, २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला, २०२० मध्ये फॉर्म्युला टूची रेस जिंकली. तरी सीट नाही मिळाली. डायनाने त्या दारात का उभं राहावं?

तिने २०२५ च्या शेवटी निवडलेला रस्ता मला शहाणपणाचा वाटतो. आखाती देशांतली फेरारी क्लब चॅलेंज, गाडी २९६ चॅलेंज. शोरूमची इटिऑस ९० हॉर्सपॉवरच्या आसपास आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह. ही ७०० ची, आणि ताकद मागच्या चाकांना! म्हणजे आधीच्या सवयी मोडून नव्या लावायच्या. शिवाय हा क्लब मुख्यतः पैसेवाल्या हौशी लोकांचा. तिथे जिंकलं की पुन्हा "समोर होतं कोण?" हा प्रश्न येणारच.

पण त्याच्या पुढे जीटी आणि एन्ड्युरन्स रेसिंग आहे. तिथे पस्तिशी-चाळिशी म्हणजे म्हातारपण नव्हे. २०२३ मध्ये बहारीनच्या आठ तासांच्या रेसमध्ये आयर्न डेम्सच्या तिघी, सारा बोव्ही, मिशेल गॅटिंग आणि राहेल फ्राय, त्यांच्या गटात पहिल्या आल्या. डायनासाठी मला तीच जागा दिसते. फक्त तिथली सीट नुसत्या लॅप टाइमवर मिळत नाही, स्पॉन्सर लागतो. तो कुठून यायचा, यावर कॅंटीनमध्ये अजून कोणी वाद घातलेला नाही.