शेतातलं जंक्शन

खेड्यातल्या बंद स्टेशनाबद्दल लिहिताना इंग्रज माणूस हळवा होतो. गाडी गेली आणि गाव पोरकं झालं, असा त्याचा सूर. बकिंगहॅमशरमधल्या व्हर्नी जंक्शनला मात्र हा सूर लागत नाही, कारण पोरकं व्हायला तिथे गावच नव्हतं. १८६८ साली आयल्सबरीहून आलेली नवी लाइन ब्लेचलीच्या जुन्या मार्गाला जिथे मिळाली, तिथे चहूकडे नुसती शेतं. नाव द्यायला जवळपास वस्ती नाही, म्हणून जमीनमालक सर हॅरी व्हर्नी यांचं आडनावच पाटीवर चढलं. (हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या बहिणीचे यजमान. त्यांच्या क्लेडन हाउसमध्ये फ्लॉरेन्स पुष्कळदा मुक्कामाला असे.) स्टेशन झालं, मग त्याच्या आधाराने मोजकी घरं उभी राहिली.

शेतात जंक्शन उभारायची ही हौस एवढ्यावर थांबती तर लिहावं असं फार काही नव्हतं. पण १८९१ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने ती आयल्सबरीची लाइन घेतली. तिचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन. मँचेस्टरहून थेट पॅरिसला गाडी न्यायची, हे या गृहस्थाचं वेड. त्यासाठी त्याने डोव्हरजवळ समुद्राखाली बोगदा खणायलाही घेतला होता. त्यातून शत्रू आत शिरेल या धास्तीने सरकारने १८८२ मध्ये काम थांबवलं. त्याच्या स्वप्नातली उत्तरेची मोठी लाइन १८९९ मध्ये खरोखरच लंडनला पोहोचली, पण ती क्वेंटन रोडलाच येऊन मिळाली, व्हर्नीच्या अलीकडे. जंक्शन बाजूला पडलं.

तरी थाट बघा. बेकर स्ट्रीटपासून ८० किलोमीटरवरच्या या रानात १९१० पासून पुलमन डबे येऊ लागले. डबे दोनच, ‘मेफ्लॉवर’ आणि ‘गॅलाटिआ’. शर्यतीच्या शिडाच्या बोटींवरून ठेवलेली नावं. जादा पैसे मोजून मऊ खुर्चीत खातपीत लंडन गाठायची सोय. मला या उधळपट्टीचा राग यायला हवा, पण येत नाही. हिशेबात न बसणारी एवढी देखणी गोष्ट रेल्वेच्या कारभारात क्वचितच सापडते.

हिशेब केला तो मेट्रोपॉलिटन पुढे ज्यांच्या ताब्यात गेली त्या लंडन ट्रान्सपोर्टने. १९३६ मध्ये लंडनची प्रवासी गाडी बंद झाली. पुढे १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांहून जास्त स्टेशनांवर फुली मारली, आणि आजही बंद स्टेशनाचा विषय निघाला की शिव्या त्यांनाच. व्हर्नीवरून जाणारा ऑक्सफर्ड-ब्लेचली मार्ग मात्र त्यांच्या यादीत नव्हता. तरीही १९६७ सरता सरता तो प्रवाशांसाठी बंद झाला, आणि व्हर्नी जंक्शनही.

आता त्याच मार्गावर नवे दुहेरी रूळ पडले आहेत. नवं स्टेशन बांधलंय ते शेजारच्या विन्स्लोला, जिथे माणसं राहतात.