अब्बांची सालगिरह

आमच्या घरातली मुले हल्ली मोबाइलवर वाढदिवस बघतात. मुंबईच्या गेटवेजवळ किंवा गोव्याच्या मांडवीत तासाच्या भाड्याने बोट घ्यायची, तिला फुगे बांधायचे आणि पाण्यात जाऊन केक कापायचा, असे ते वाढदिवस. 2024 च्या हिवाळ्यात त्यांनी हट्ट धरला की अब्बांची सालगिरह आपणही नावेतच करायची. ऐकून आम्हाला आधी हसू आले, मग काळजी वाटली.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. नोकरी दूर असली तरी घर एटापल्लीचे. आमच्या भागात नाव ही मौजेची वस्तू नाही. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि अशा वेळी नाल्यापलीकडच्या गावांत मास्तर, धान्य, औषध आणि अडलेली बाई ही सारी डोंग्यातून जातात. शिवाय 23 जानेवारी 2024 ची बातमी घरात कोणी विसरले नव्हते. त्या दिवशी चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. पलीकडे मिरची तोडायला निघालेल्या मजूर बाया तिच्यात होत्या आणि त्यांतल्या काही घरी परतल्या नाहीत. 9 जुलै 2017 ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुण पोरांची नाव बुडाली, तीही सहलीचीच होती. म्हणून अम्मींनी पहिल्या दिवशीच सांगून टाकले, "पाण्याशी मस्करी नको."

दुसरी अडचण तारखेची होती. शाळेच्या दाखल्यावर अब्बांची जन्मतारीख आहे 1 जुलै 1953. ही 1 जुलै आम्हा शिक्षकांच्या चांगल्या ओळखीची. जुनी दाखल-खारीज रजिस्टरे उघडली तर पानेच्या पाने 1 जून आणि 1 जुलैने भरलेली दिसतात. बाप मुलाला घेऊन शाळेत यायचा, त्याला तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि प्रवेशाला सोयीची तारीख टाकायचे. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्या एका ओळीवर पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन आणि आज प्रत्येक कागद उभा राहिला. आता काळ बदलला. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा झाला. मूल जन्मल्यावर 21 दिवसांत नोंद करा, हे आम्ही पालकसभेत दरवेळी सांगतो. आपल्या मोहल्ल्यातही हे सांगण्याची गरज आहे.

अब्बांचा पत्ताही तारखेसारखाच बदलत गेला. ते जन्मले तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशातल्या चांदा जिल्ह्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. चांद्याचे पुढे चंद्रपूर झाले आणि 26 ऑगस्ट 1982 पासून आमचा जिल्हा गडचिरोली. अब्बा हसून म्हणतात, "मी कुठे गेलो नाही, सरकारच माझ्या घरी येत गेले."

त्यांची सारी उमर तेंदूपानाच्या फडावर मुन्शीगिरीत गेली. उन्हाळ्यात पहाटे माडिया बाया-माणसे जंगलातून पाने तोडून आणायची, पुडे बांधायची, आणि अब्बा फडावर बसून पुडे मोजायचे, वहीत लिहायचे. दुसऱ्यांचा हिशोब पैशापर्यंत चोख ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचा जन्मदिवस ठाऊक नव्हता.

आमच्या एका नातेवाइकांनी वेगळाच मुद्दा काढला. वाढदिवस ही आपली रीत नव्हे, म्हणाले. पण सालगिरह हा शब्द तर आपल्याच घरांतला. साल म्हणजे वर्ष आणि गिरह म्हणजे गाठ. मुलाच्या नावाच्या दोऱ्याला दरवर्षी एक गाठ मारायची, यावरून तो आला. मोगल दरबारात बादशहाला या दिवशी सोन्या-चांदीने आणि धान्याने तोलत आणि ते वाटून टाकत. यावर फार वाद न घालता अब्बा म्हणाले, "केक कापू नका, मेणबत्ती विझवू नका. चार माणसांना जेवू घाला. ते तर कुठे मना नाही ना?" नातेवाईक सर्वांत आधी गाडीत येऊन बसले.

नावेला मात्र अब्बांनी लगेच होकार दिला, याचे आम्हाला नवल वाटले. कारण त्यांनी वाटेत सांगितले. दादीजान पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाल्या होत्या. मध्ये बांडिया नदी, आणि ती दुथडी भरलेली. अलीकडच्या काठावरच कळा सुरू झाल्या. त्या पाण्यात डोंगा घालायला कोणी तयार होईना. शेवटी एका नावाड्याने दोन डोंगे आडव्या बांबूंनी एकत्र बांधले, दादीजानला मधोमध निजवले आणि पार नेले. पलीकडे पोहोचल्यावर तासाभरात अब्बांचा जन्म झाला. ही गोष्ट दादीजान सांगायच्या. त्या 1991 साली गेल्या. आम्ही ती तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती, अब्बांच्या तोंडून पूर्ण प्रथमच ऐकली.

डिसेंबरात बांडियाचे पाणी उतरलेले असते. म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही आलापल्ली, हेमलकसा करीत भामरागडला गेलो. तिथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांचा संगम आहे. पलीकडे छत्तीसगड. सोबत अब्बांचे फडावरचे जुने दोस्त, एक माडिया दादा, तेही होते. ओळखीच्या एकाकडून लाइफ जॅकेट मागून आणली होती. नावाडीकाकांनी आपले कायदे आधीच सांगितले: एका खेपेत सहाच माणसे, तीही बसून, उभे राहून फोटो नाही, पोरांनी हात पाण्यात घालायचा नाही. डोंगा एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेला असतो, वजन एका बाजूला गेले की तो कलंडतो. म्हणून आमच्यासाठीही त्यांनी दोन डोंगे जोडले. अब्बा त्या आडव्या बांबूंवरून हात फिरवीत बराच वेळ उभे राहिले.

काठापासून फार दूर गेलो नाही. पाणी संथ होते. मुलांनी फुगे आणले होते, ते वाऱ्याने एक-एक करून छत्तीसगडकडे नेले, आणि त्याचाच त्यांना जास्त आनंद झाला. अब्बांनी हात उचलून दुआ मागितली. हजरत नूह यांची कश्ती मुलांना ठाऊक होती, त्यांनी आमीन म्हटले.

तेवढ्यात ते माडिया दादा सहज बोलले, "तुझी माय सांगत होती ना मुन्शी, पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी तू झालास. पोळ्यासाठी आणलेला गूळ तुझ्या बारशाला पुरला म्हणे."

अब्बा त्यांच्याकडे बघतच राहिले. दादीजानने हे शेजारणीला, म्हणजे या दादांच्या आईला सांगितले होते. आमच्या घरी ते राहिले नाही, त्यांच्या घरी राहिले. पोळा श्रावणी अमावास्येला येतो, म्हणजे 1 जुलै खोटी ठरली. भाद्रपदातला पूर आणि दादीजानची गोष्ट मात्र जुळली. धाकट्या पोरीने लगेच विचारले, "मग पुढच्या वर्षी पोळ्यानंतर येऊ या इथे?" नावाडीकाका म्हणाले, "तेव्हा ही नदी कोणाला जवळ येऊ देत नाही, बेटा."

अब्बांनी दादांना विचारले, "त्या नावाड्याचे नाव तुझी माय कधी बोलली का?" दादांनी मान हलवली. नावाडीकाकांनाही विचारले. ते म्हणाले, त्या काळी पायलीभर धान घेऊन लोक पार उतरवायचे, कोण कोणाचे नाव विचारणार?

काठावर येऊन सतरंज्या अंथरल्या. दालचा-भात होता, जर्दा होता. घरच्या रीतीप्रमाणे पहिली थाळी सर्वांत वडील माणसाला, म्हणजे अब्बांना वाढली. त्यांनी ती उचलली आणि नावाडीकाकांपुढे ठेवली. काका संकोचले, म्हणाले, "भाऊ, सालगिरह तुमची आहे." अब्बा म्हणाले, "तुम्ही बसा तर खरे." आणि ते जेवू लागेपर्यंत अब्बांनी स्वतः घास घेतला नाही.