आधी ब्रेक ऑइल

सोलापुरात गाडीच्या वेगाशी नातं सांगणारी एक मोठी गोष्ट तयार होते. १९९२ साली स्थापन झालेली इथली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशोदेशीच्या गाड्यांसाठी कॅमशाफ्ट बनवते. रेसट्रॅक मात्र शहरात नाही. जुनी एस्टीम घेऊन ती कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पळवायचं मनात असलेला इथला तरुण गॅरेजमध्ये गेला, की पहिलं बोलणं इंजिनाचं निघतं. निघायला हवं ब्रेकचं.

ड्रायव्हरसह हजार किलोची गाडी ताशी १५० वरून ६० किलोमीटरवर आणताना सुमारे ७३० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तेवढ्यात दोन लिटर पाणी उकळेल! ही उष्णता काही सेकंदांत बहुतांशी पुढच्या दोन डिस्क सोसतात. शहरात पुढच्या सिग्नलपर्यंत डिस्क निवते. कारीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा; तिथे निवायला वेळच मिळत नाही.

पॅड तापून पकड सोडतात, ते निदान पायाला हळूहळू कळतं. ब्रेक ऑइल उकळलं तर मात्र पेडल एकदम तळाला जातं, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओल धरली की हीच मर्यादा १५५ वर येते. सोलापूरच्या उन्हाळ्याला दोष देणं सोपं आहे, पण शेकडो अंश तापलेल्या डिस्कसमोर चाळिशीतली हवा थंडच म्हणायची. खरा शत्रू ओलावा. गेल्या वर्षी फोडलेला डबा ट्रॅकच्या गाडीत रिकामा करू नये.

म्हणून खर्चाची सुरुवात ताज्या ऑइलपासून आणि ट्रॅकवरच्या तापमानाला टिकणाऱ्या पॅडपासून व्हावी. कॅलिपर खोललाच आहे तर सील किट बदलावं. पिस्टनभोवतीचं रबरी सील फक्त गळती थांबवत नाही. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागेही ओढतं. ते कडक झालं, की पॅड डिस्कला घासत राहतो आणि गाडी पळतानाही चाक तापतं. फुगणाऱ्या रबरी होजऐवजी स्टीलची जाळी चढवलेले होज लावले, तर पेडल घट्ट लागतं.

मोठे, रंगीत कॅलिपर सर्वांत शेवटी. ब्रेम्बोचं नाव मोठं आहे आणि त्यांचे ब्रेक पुण्याजवळ चाकणलाही बनतात, मोह होणारच. पण मोठ्या पिस्टनला जास्त ऑइल लागतं, मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं. पुढची पकड वाढवताना मागच्या ड्रमशी मेळ राहिला नाही, तर केलेला खर्च अंगावर येतो. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते.

ब्रेकने शर्यत जिंकता येते, हे जॅग्वारने १९५३ च्या ल मान्समध्ये दाखवलं. सी-टाइपच्या डनलॉप डिस्कमुळे रोल्ट आणि हॅमिल्टन यांना वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक दाबता येत होता. तासाला सरासरी शंभर मैलांच्या वर चोवीस तास!

गॅरेजमधलं शेवटचं काम, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचं, दोघांचं. एक जण पेडलवर, दुसरा चाकाशी पाना घेऊन. ‘दाब, धर, सोड’ असं बुडबुडे थांबेपर्यंत चालतं. इथे कंटाळा करणाऱ्या मेकॅनिककडे ट्रॅकची गाडी देऊ नये. नवे पॅड बसवायलाही रीत आहे: वेगातून पुरतं न थांबता अनेकदा ब्रेक, दर वेळी थोडा जोर वाढवत, मग निवण्यासाठी एक सावकाश फेरी. पुणे-सोलापूर महामार्ग कितीही मोकळा दिसला तरी हे काम तिथे करायचं नाही. ट्रॅकवरच्या पहिल्या फेऱ्या त्यासाठीच ठेवाव्यात.