सकाळची नाडी

ऑक्टोबरात ताप आला तेव्हा आधी दुखायला लागल्या त्या पोटऱ्या. मी पाच हजार मीटर धावते, त्यामुळे पोटऱ्या दुखण्याचं मला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले आणि घराचा उंबरा ओलांडता येईना. रक्ताचा रिपोर्ट आला: लेप्टो.

कुडाळात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उंदरांच्या मुतातून हे जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या बारीक जखमेतून अंगात शिरतात. माझी टाच बुटाने सोलली होती आणि मी तशीच अनवाणी भातकापणीला उतरले होते. आशाताई डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या घरी देऊन गेल्या होत्या. मी फिट आहे, मला कशाला, म्हणून त्या फडताळातच राहिल्या.

सहा दिवस सलाईन. घरी आले तेव्हा वजन चार किलो उतरलेलं, आणि डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. आई उकड्या तांदळाची पेज पुढे ठेवायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "मीयाच तुका शेतात न्हेलंय." मी काही बोलायचे नाही. खरं तर तिने हाक मारली नसती तरी मी गेले असते.

माझ्या फोनच्या वॉलपेपरवर अविनाश साबळे आहे, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. टोकियो ऑलिंपिकच्या आधी त्याला कोविड झाला होता, तरी तिथे त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८:१८.१२ असा राष्ट्रीय विक्रम केला. मी म्हटलं, तो करू शकतो तर मीही. ताप जाऊन दहा दिवस झाले होते. पहाटे कुणाला न सांगता एमआयडीसीच्या रस्त्याला निघाले. आठशे मीटरही झाले नसतील, छाती इतकी धडधडायला लागली की मी रस्त्याकडेला बसले. दूधवाला थांबला. त्याच्या गाडीवरून घरी आले.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताप गेला म्हणजे आजार गेला, असं नसतं. उद्यापासून उठल्याउठल्या अंथरुणातच नाडी मोज. पूर्ण एक मिनिट."

आजाराआधी माझी नाडी ५२ असायची. पहिल्या सकाळी ७६ भरली. डॉक्टरांनी किडनीची तपासणी पुन्हा करून चालायला परवानगी दिली, धावायला नाही. मी भंगसाळ नदीच्या पुलापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. ७४. ७१. एक दिवस पुन्हा ७५. त्या दिवशी खूप रडले.

डिसेंबरात स्पर्धा झाल्या. माझ्या शर्यतीचा निकाल मी फोनवर बघितला. पहिल्या आलेल्या मुलीची वेळ माझ्या सर्वोत्तम वेळेपेक्षा जास्त होती. त्या रात्री झोप लागेना म्हणून साबळेचे जुने निकाल बघत बसले, तेव्हा लक्षात आलं की मी त्याची अर्धीच गोष्ट धरून बसले होते. टोकियोत विक्रम करूनही त्याची अंतिम फेरी हुकली होती. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळ देऊन त्याने रौप्य जिंकलं, ते ६ ऑगस्ट २०२२ ला. सात सेकंद कमी करायला एक वर्ष. मी विक्रम बघितला होता, ते वर्ष बघितलं नव्हतं.

जानेवारीत नाडी ६० वर आली आणि सरांनी दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं सुरू करून दिलं. मार्चमध्ये सलग पाच किलोमीटर झाले, पूर्वीपेक्षा चार मिनिटं जास्त लावून. ५२ अजून आलेली नाही. ५५ आहे.

जूनमध्ये आशाताई पुन्हा आल्या. गोळी मी त्यांच्यासमोरच घेतली. लावणीच्या सकाळी आई एकटीच निघत होती, मला न उठवता. मी गमबूट घातले, टाचेवरची पट्टी पुन्हा दाबून बघितली आणि तिच्या मागून निघाले.

"कित्याक येतंस?" तिने विचारलं.

"नाडी मोजलंय," मी म्हटलं.